पथनाट्य जरा थांबव

कुर्ला, मुंबई
२२ जून

प्रिय राजा,
स. न.

एवढं सगळं मोबाइलवर टाइप करणं माझ्याच्यानं होत नाही, म्हणून सरळ कागद घेतला. नववी-दहावीच्या मुलांचा मानवी हक्कांचा गट तुझ्या गळ्यात पडला हे वाचून आधी हसलो. मग तुझा आराखडा वाचला. जुलैत शपथ, ऑगस्टात भित्तिपत्रकं, १० डिसेंबरला, मानवी हक्क दिनी, बाजारपेठेत पथनाट्य. मुलं खूश होतील, मुख्याध्यापक खूश होतील, पेपरात फोटोसुद्धा येईल. पण मत मागितलंयस तर सांगतो, पथनाट्य जरा थांबव.

कॉलेजात एफसीच्या, म्हणजे फाउंडेशन कोर्सच्या, पेपरात मी हक्कांची पायमल्ली आणि त्यावरची दाद हे प्रकरण बरीच वर्षं शिकवलं. पोरं मानवी हक्कांच्या जागतिक जाहीरनाम्याची ३० कलमं घोकतात, १९४८ साल घोकतात आणि गरिबांबद्दल दोन हळव्या ओळी टाकून पान भरतात. हळवं व्हायला माझी ना नाही. पण आपली कणव आपल्याला बऱ्या वाटणाऱ्या माणसापुरती असते, आणि हक्काचा कस लागतो तो न आवडणाऱ्याच्या बाबतीत. म्हणून मी आता दुसऱ्या टोकाने सुरू करतो. हे कोणी ठरवलं? कुठल्या नियमाने? ज्याचं नुकसान होणार त्याला आधी कळवलं का, त्याचं म्हणणं ऐकलं का? एवढं विचारायचं आणि मिळेल ते उत्तर तारखेसकट वहीत लिहायचं.

तू मुंबईची उदाहरणं मागितलीस, पण पहिलं उदाहरण तुझ्या शाळेपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. चवदार तळ्याची गोष्ट महाडच्या पोराला पाठ असते, २० मार्च १९२७ तर झोपेतही सांगेल. त्याआधीचं आणि नंतरचं विचार. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सी. के. बोल्यांचा ठराव मुंबईच्या कायदे कौन्सिलात १९२३ साली झाला होता. पुढच्याच वर्षी महाड नगरपालिकेने तळं सर्वांना खुलं केलं होतं. म्हणजे पाण्याचा हक्क कागदावर होता. बाबासाहेब आणि हजारो माणसं तो वापरायला गेली. मग मारहाण, तळ्याचं 'शुद्धीकरण', नगरपालिकेचं घूमजाव, कोर्टकज्जा, आणि उच्च न्यायालयाचा निकाल थेट १९३७ साली. मुलांना या सगळ्या तारखा एका ओळीत मांडायला लाव. मधली दहा वर्षं कोण काय करत होतं, हे त्यांना घरच्या म्हाताऱ्यांकडून शोधू दे.

त्याला जोडून इथलं सांग. पाणी हक्क समितीच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये महापालिकेला सुनावलं की झोपडी बेकायदा असली तरी आतल्या माणसाचं पिण्याचं पाणी तोडता येत नाही. दर जास्त लावा, सोय कायदेशीर घराइतकी नसेल तरी चालेल, पण पाणी द्या. माझ्या वर्गात यावर हमखास भांडण होतं. गोवंडीची मुलगी एका बाजूला, मुलुंडच्या सोसायटीतला मुलगा दुसऱ्या बाजूला. तो म्हणतो, आम्ही कर भरतो. ती म्हणते, आम्ही टँकरवाल्याला तुमच्यापेक्षा जास्त भरतो. मी मध्ये पडत नाही.

पण सगळ्यात जास्त वेळ मी फुटपाथच्या खटल्याला देतो. तूही दे. जुलै १९८१, भर पावसाळा. मुख्यमंत्री अंतुल्यांनी जाहीर केलं की फुटपाथवरच्यांना हटवून आपापल्या गावी पाठवायचं. पत्रकार ऑल्गा टेलिस, नागरी हक्कांची संघटना आणि स्वतः फुटपाथवर राहणारे लोक सर्वोच्च न्यायालयात गेले. निकालाची सुरुवातीची पानं मुलांना नक्की वाचून दाखव, कायद्याची भाषा असूनही. त्यात तमिळनाडूतल्या सेलमचा एक भूमिहीन मजूर आहे. दुष्काळाने मुंबईत आलेला, केमिकल कंपनीत रोजी २३ रुपयांवर. फुटपाथवरच्या प्लास्टिकच्या आडोशासाठी एका झोपडीदादाने त्याच्याकडून अडीच हजार उकळले होते. पोरं लगेच हिशेब करायला बसतात की हे किती दिवसांचे पैसे. न सांगता करतात, आणि तिथून वर्ग जागा होतो.

निकाल जुलै १९८५ मध्ये लागला. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड. जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो, कारण पोट भरायचं साधन काढून घेतलं की जगणंच काढून घेतल्यासारखं आहे, असं न्यायालयाने म्हटलं. राज्यघटनेतल्या जगण्याच्या हक्काच्या अनुच्छेद २१ चा हा अर्थ आज देशभर सांगितला जातो. इथे बहुतेक शिक्षक थांबतात आणि टाळ्या घेतात. तू थांबू नकोस, कारण हीच माणसं त्या खटल्यात झोपड्या वाचवू शकली नाहीत. महापालिकेच्या कायद्याचं ३१४ कलम न्यायालयाने वैध ठरवलं. नोटीस न देता हटवायची मुभा असली तरी एरवी म्हणणं ऐकून घ्यायला हवं, असं सांगितलं आणि पावसाळा सरेपर्यंत, म्हणजे ३१ ऑक्टोबरपर्यंत, हात लावू नका असं बजावलं. मग ते जिंकले की हरले? एका तासात उत्तर निघू देऊ नकोस. एका मुलीने लिहिलं होतं, 'पुढच्यांसाठी जिंकले.' बाजूच्या बाकावरच्याने विचारलं, 'त्यांना काय मिळालं?' दोघांनाही मी पूर्ण गुण दिले.

आता बचावाचं. मुलांना वाटतं हक्कांचा बचाव म्हणजे मोर्चा किंवा काळा कोट. त्यांना शीला बर्शेंचं काम सांग. मुंबईच्या तुरुंगात या पत्रकार बाई १५ कैदी स्त्रियांना भेटल्या. त्यांतल्या पाचजणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचं सांगितलं. बर्शेंनी ते सर्वोच्च न्यायालयाला पत्राने कळवलं आणि न्यायालयाने त्या पत्रालाच याचिका मानलं. चौकशीला पाठवलं कोणाला, तर आपल्या निर्मला निकेतनच्या, समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालिकांना! १९८३ च्या निकालात स्त्रियांसाठी वेगळ्या कोठड्या, चौकशी महिला पोलिसांसमोरच, अटक झाल्याबरोबर नातेवाइकांना निरोप, असे स्पष्ट आदेश आले. 'पंधरापैकी पाच' ही नेमकी नोंद नसती तर त्या पत्रात नुसता संताप उरला असता, आणि संतापाची पत्रं कोर्टाकडे ढिगाने येतात.

म्हणून वहीचा आग्रह. पानाचे दोन भाग करायचे, डावीकडे स्वतः पाहिलेलं आणि उजवीकडे दुसऱ्याने सांगितलेलं. 'आमच्या आळीत पाणी येत नाही, सगळं राजकारण आहे' असं पोरगं लिहून आणतं. परत पाठवायचं. कुठल्या वारी, किती वाजता, किती हंडे, अर्ज कोणी दिला, पोच आहे का? पुढच्या खेपेला तेच पोरगं असं काही आणतं की वाचताना आपण सावरून बसतो. माहिती अधिकाराचा अर्ज लिहायलाही शिकव. १० रुपये फी आणि ३० दिवसांची मुदत. राज्य मानवी हक्क आयोगाकडे तक्रारीला फी नाही, पण घटनेला वर्ष उलटलं की आयोग चौकशी करू शकत नाही, हे मोठ्यांनाही माहीत नसतं. सराव म्हणून लिहू देत. खऱ्या भांडणात अल्पवयीन पोरांना पुढे करू नकोस, तिथे मोठ्यांनी उभं राहायचं.

'सर, मग कसाबलाही हक्क?' हा प्रश्न येणारच. महाडमध्येही येईल. मी चिडत नाही, खटला सांगतो. त्याला वकील मिळाला, पुरावा तपासला गेला, तीन पातळ्यांवर सुनावणी झाली आणि नोव्हेंबर २०१२ मध्ये येरवड्यात फाशी झाली. त्याच खटल्यात दोन भारतीय आरोपी पुराव्याअभावी निर्दोष सुटले, आणि त्यांची सुटका सर्वोच्च न्यायालयापर्यंत टिकली. वकील न देता सगळ्यांना एकत्र लटकवलं असतं तर? वर्ग जरा वेळ कुजबुजतो. काहीजण तरीही पटलं नाही म्हणतात, म्हणू देत.

दोन सावधगिऱ्या. एक, मुलं पहिला हक्क तुमच्या शाळेवरच वापरतील. शिक्षण हक्क कायद्याचं १७ वं कलम शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ बंद करतं, पण तो कायदा ६ ते १४ वयाचा. तुझ्यातला एखादा चलाख दहावीवाला विचारेल, 'म्हणजे आम्हाला मारलेलं चालतं?' अनुच्छेद २१ ला वयाची अट नाही, हे उत्तर तयार ठेव, आणि शिक्षकखोलीतल्या नाराजीची तयारीही ठेव. दुसरी गंभीर आहे. मुलं बोलायला लागली की एखादं मूल घरातलं काही सांगेल. लैंगिक अत्याचाराचं कळलं तर पॉक्सोखाली, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्याखाली, पोलिसांना कळवणं तुझ्यावर बंधनकारक आहे, 'बघू, समजावू' असं करता येत नाही. १०९८ ही मुलांची हेल्पलाइन लक्षात ठेव, बालकल्याण समितीचा नंबर पहिल्या तासाआधीच मिळवून ठेव, आणि 'कोणाला सांगणार नाही' असं वचन कुठल्याही मुलाला देऊ नकोस.

जाहीरनाम्यात 'ऑल मेन'चं 'ऑल ह्युमन बीइंग्ज' करायला लावणाऱ्या हंसाबेन मेहतांचं मी मुद्दाम लिहीत नाही, ते तू सांगशीलच, सगळेच सांगतात. फुटपाथच्या आणि बर्शेंच्या निकालांची मी मराठीत केलेली टिपणं आहेत, अक्षर माझंच म्हणजे भयंकर. त्यांची झेरॉक्स सोमवारी कुरिअर करतो. तुमच्या नगरपालिकेच्या जुन्या ठरावांच्या नकला मिळतात का, तेवढं विचारून ठेव. मला इथल्या वर्गासाठी हव्यात. वहिनींना नमस्कार, काकूंच्या गुडघ्याचं काय ते कळव.

तुझा,
विनय