रविवारी शेफील्डचं पार्क हिल, फोटो टाकताना एवढं बघा

मंडळी, येत्या रविवारी इंग्लंडमधल्या शेफील्ड शहराचे जुने फोटो बघायचेत, विषय फक्त पार्क हिल, म्हणजे रेल्वे स्टेशनच्या मागची टेकडी. ॲटरक्लिफ आणि तिथले पोलाद कारखाने पुढच्या महिन्यात, त्यामुळे ते फोटो आत्ताच टाकू नका प्लीज.

टेकडीवर आधी एकाला एक पाठ लावून बांधलेली कामगारांची घरं होती, ती १९३०च्या दशकात पाडायला लागले, मग १९५७ ते १९६१मध्ये काँक्रीटचे फ्लॅट उभे राहिले. भारी गोष्ट म्हणजे जुन्या गल्ल्यांचीच नावं वरच्या गॅलऱ्यांना दिली, लाँग हेन्री रो, नॉर्विच रो वगैरे, आणि शेजारी शक्यतो शेजारीच ठेवले. गॅलऱ्या इतक्या रुंद की दूधवाल्याची बॅटरीवरची गाडी वरच्या मजल्यावर थेट दारापर्यंत यायची, तो फोटो मिळाला तर नक्की आणा. १९९८मध्ये याला वारसा दर्जा मिळाला, बरेच जण नाकं मुरडत होते तरी (मला आवडतं, असो).

फोटोखाली साल आणि गल्ली लिहा, कुठल्या संग्रहातला तेही लिहा, आणि कडा क्रॉप करू नका, पाटी बहुतेक वेळा कोपऱ्यातच सापडते.