ओळंबा आईच्या हाती दिलात, त्याबद्दल

बोसनबाब,

तुम्हाला देवनागरी वाचता येत नाही हे मला ठाऊक आहे. दर्यावरून घरी लिहिलीत ती सगळी पत्रं तुम्ही रोमी कोकणीत लिहिलीत, आणि मला मनातलं धड लिहिता येतं ते मराठीतच. तेव्हा हे पत्र तुमच्या नातवाने वाचून दाखवायचं. तो शाळेत देवनागरी शिकतो, त्याला जमेल. कुठे अडलास तर गाळ, बाबू, हरकत नाही. फक्त ओळंब्याचा भाग गाळू नकोस.

पत्र उघड लिहितोय याचं कारण एवढंच, की घरी येऊन आभार मानायला लागलो की तुम्ही विषय बदलता. गेल्या वेळी तुम्ही थेट बांगड्यांच्या भावावर गेलात.

इतर वाचणाऱ्यांसाठी थोडी मागची गोष्ट. मी हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाला. 2021 च्या मे महिन्यात तौक्ते वादळ गोव्याजवळून गेलं, तेव्हा वीज गेली, मोबाइल गेले, आणि आंब्याच्या फांदीला बांधलेला माझा डायपोलही, म्हणजे तारेची साधी अँटेना, फांदीसकट खाली आला. नेमकं जेव्हा रेडिओचं काम पडावं तेव्हा मी मेणबत्तीपाशी गप्प बसलो होतो. तेव्हाच ठरवलं, झाडाच्या भरवशावर राहायचं नाही. मार्दोळला घरामागे पोरसात जागा आहे, तिथे 12 मीटरचा लोखंडी टॉवर उभा करायचा आणि त्यावर 15 मीटर बँडच्या, म्हणजे 21 मेगाहर्ट्झच्या लहरींसाठी तीन दांड्यांची यागी अँटेना.

काम दिलं एका कंत्राटदाराला. मोबाइलचे टॉवर आमचीच माणसं चढवतात, असं तो म्हणाला होता. 2023 च्या चवथीआधी आगाऊ रक्कम घेतली आणि दिवाळी उलटल्यावर माणसं पाठवली. आमच्याकडे मातीखाली लगेच जांभा लागतो, पिकास मारली की खणकन वाजते. दीड फूट खणून माणसं म्हणाली, दगड लागला, आता काय हलतंय! त्यावर काँक्रीट ओतलं आणि चारपैकी दोन तुकडे उभे केले. टॉवर ताणून धरणाऱ्या तारांना गाय वायर म्हणतात. आईने ऐकलं होतं, टॉवरला सहा गायी बांधायच्या आहेत. दोन दिवस ती गवताची चिंता करत होती. त्या सहांतली एक गाय त्या शहाण्याने माडाला बांधली. वारा आला की माड डोलतो हे गोव्यातल्या पोरालाही कळतं. माड डोलला की तार ताणायची, सैल व्हायची, पुन्हा ताणायची.

जानेवारीतल्या एका दुपारी ती तार क्लिपांतून सरकली आणि टॉवर पोरसात कलला. आई चार हातांवर कपडे वाळत घालत होती. तिला काही झालं नाही. मिरच्यांचा वाफा गेला. त्या दिवसापासून ती मागच्या दाराने बाहेर पडेना, कपडेही पुढच्या अंगणात वाळू लागले. मी फोन लावत राहिलो. जपानशी बोलायची उमेद बाळगणाऱ्या माणसाला फोंड्यातला माणूस लागेना!

पैशांचं सोडा. खरी चुटपुट वेगळी होती. सूर्यावरच्या डागांचं चक्र साधारण 11 वर्षांचं असतं, आणि 15 मीटरचा बँड खरा उघडतो, दूरचे देश ऐकू येतात, ते डाग भरात असताना. 2024 मध्ये चक्र शिखरावर आलं तेव्हा माझे टॉवरचे तुकडे भेंडीच्या वाफ्याशेजारी आडवे होते. मी सत्तावन्नचा आहे. पुढच्या शिखराला सत्तरीला टेकलेला असेन. त्या वर्षात सल्ले भरपूर मिळाले. नात्यातला एक इंजिनिअर येऊन टॉवरभोवती दोन फेऱ्या मारून गेला, कप ठेवताना म्हणाला, ही घरी करायची कामं नव्हेत. चहा मात्र दोनदा घेतला.

आणि मग डिसेंबरात फोंड्याच्या हार्डवेअरच्या दुकानात तुम्ही भेटलात. मी तारा ताणायचे टर्नबकल मागत होतो, पोऱ्या मला दाराच्या कड्या दाखवत होता. तुम्ही मागून म्हणालात, "बॉटल स्क्रू जाय ताका." मग माझ्याकडे वळून विचारलंत, कशाला? मी सांगितलं. तुम्ही हसाल असं वाटलं होतं, सगळेच हसतात. तुम्ही विचारलंत, "उंची किती? वारं खंयच्यान येता?" वर्षभरात हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. कंत्राटदाराने तर नाहीच.

तुम्ही जहाजावर बोसन होता, म्हणजे डेकवरच्या सगळ्या दोऱ्या, साखळ्या, डेरिक तुमच्या ताब्यात, हे मला तिथेच कळलं. त्या रविवारी बोरीचा पूल ओलांडून स्कूटरवरून आलात, पडलेल्या तारेचं टोक हातात घेतलंत आणि मान हलवलीत. तारेला फास घालून क्लिपा लावतात तेव्हा एक बाजू जिती, जिच्यावर भार येतो, आणि दुसरी मेलेली, उरलेलं आखूड टोक. क्लिपेचा वाकडा यू बोल्ट तारेला चावतो, म्हणून तो मेलेल्या बाजूला हवा आणि खोगीर जित्या बाजूला. "मेल्ल्या घोड्याचेर जीन बांदिनात," तुम्ही म्हणालात. त्याने तिन्ही क्लिपा उलट्या लावल्या होत्या. कंत्राटदाराबद्दल तुम्ही वाईट शब्द काढला नाहीत. क्लिपा सोडवून रॉकेलच्या डब्यात टाकल्यात, बस्स.

पुढचं सगळं सांगत बसत नाही. जांभा फोडून खड्डा नीट खोल केला, गायींचे खुंटे जमिनीतच पुरले, काँक्रीटला 28 दिवस दिले. तुम्ही रोज विचारायचा, पाणी मारलं? फेब्रुवारीत तुकडे चढले. पहाटे सुरू, अकराला बंद. समुद्राचं वारं सुटलं की तुम्ही दोरी गुंडाळायला घ्यायचा, दोन बोल्ट उरले असले तरी. मला घाई होती, तुम्हाला नव्हती. चढण्याआधी सगळ्यांच्या अंगठ्या काढायला लावल्यात. माझी निघेना तर साबण आणवलात.

आणि एक नियम घालून दिलात. इशारे एकानेच द्यायचे, तुमच्याच हाताकडे बघायचं, बाकी कोणी मध्ये बोलायचं नाही. पण "थांब" म्हणायचा हक्क सगळ्यांना. मी, तुमचा पुतण्या, वेल्डरचा पोरगा, कोणीही. तेवढ्यात तुमची नजर सोप्यावर गेली. आई दाराच्या चौकटीआड उभी होती. तुम्ही आवाज चढवून म्हणालात, "बायेकय." बाईलाही.

आता ओळंब्याचं.

चारही तुकडे चढले, सहा गायी बांधून झाल्या. आता टॉवर सरळ करायचा. तुम्ही विचारलंत, ओळंबा आहे का? माझे वडील गवंडी होते, चिऱ्यांचं काम करायचे, आसपासची कितीतरी घरं त्यांच्या हातची. त्यांचा पितळी ओळंबा माळ्यावर आहे हे मला माहीत होतं, पण मी गप्प राहिलो, कारण ती वस्तू आई कोणाला देत नाही. ती स्वतःच उठली. माळ्यावरून पितळी गोळा काढला, पदराने पुसला आणि दारात घट्ट धरून उभी राहिली. म्हणाली, "हो ते कोणाक दिनासले." ते कोणाला देत नसत.

कोणीही म्हणालं असतं, आजी, पाच मिनिटं द्या, लगेच परत करतो. मीच म्हणालो असतो. तुम्ही म्हणालात, "मागीर तूंच धर, बाये." मग तूच धर.

आणि खुर्ची आणायला गेलात. स्वतः. मी जवळ होतो, पुतण्या जवळ होता, कोणालाही सांगता आलं असतं. सत्तरीतला माणूस आतून लाकडी खुर्ची उचलून आणतो, तिचा एक पाय हलतो म्हणून खाली चिऱ्याचा तुकडा सारतो आणि मग म्हणतो, बस. वर्षभर मागच्या दाराने न निघालेली आई पोरसात येऊन त्या खुर्चीवर बसली.

तिने हात लांब केला, दोरा टांगला, एक डोळा मिटला आणि टॉवरची कड दोऱ्याशी लावून पाहिली. वडिलांना असं करताना तिने चाळीस वर्षं पाहिलं होतं. तुम्ही बॉटल स्क्रूपाशी उकिडवे बसलेले. "बाये, सारको आसा मूं?" सरळ आहे ना? "मातसो तुळशीकडेन." जरासा तुळशीकडे. अर्धा फेरा इकडे सैल, अर्धा तिकडे आवळ. मग काटकोनातून बघायला खुर्ची विहिरीपाशी, तीही तुम्हीच उचललीत. "आतां?" "आतां पुरो."

तुम्ही स्क्रू फिरू नयेत म्हणून त्यांतून तारा ओवून पिळून टाकल्यात. काम संपलं. मी खात्रीसाठी टॉवरच्या पाइपला मोबाइल लावला, लेव्हलचं ॲप दाखवत होतं, एकदम सरळ. आणि आई खुर्चीवरून उठता उठता म्हणाली, "ना. आनी थोडो." मी म्हणालो, आई, बघ, मशीन सरळ म्हणतंय. तुम्ही मोबाइलकडे पाहिलंतही नाही. सांडशी घेऊन पिळलेली तार उलगडलीत, गाय पाव फेरा सैल केलीत, समोरची आवळलीत, पुन्हा बसून विचारलंत, "बाये?" ती बराच वेळ बघत राहिली. मग मान डोलावली.

मागाहून मी पाहिलं, मोबाइल जिथे टेकवला होता तिथे वेल्डिंगची गाठ होती. बरोबर आईच होती. पण तुम्ही तार उलगडलीत तेव्हा हे तुम्हाला माहीत नव्हतं. ती चुकलीही असती तरी तुम्ही तेवढंच शांतपणे ती उलगडली असतीत, आणि मला गेले काही महिने तेच आठवत राहतं. माझ्या घरात, माझ्या टॉवरपाशी, मी आईपेक्षा फोनवर जास्त विश्वास ठेवला. काम येणारी माणसं मी खूप पाहिली आहेत, आणि त्यातल्या बहुतेकांना काम येत नसलेल्यांचा अडथळा वाटतो. तुम्ही सगळं जाणूनही म्हाताऱ्या बाईला विचारत राहिलात, आणि उपकार केल्याचा आव कुठेही नाही. असं वागायला कुठे शिकलात, विचारायचं राहून गेलं. जहाजावर असेल, किंवा घरीच.

2025 मध्ये मॉन्सून 24 मे रोजीच केरळात आला आणि मे संपायच्या आत आमच्याकडेही कोसळू लागला. त्या आठवड्यात एका रात्री वीज गेली. मी अंथरुणात पडून तारांचा गुणगुणाट ऐकत होतो, पोटात गोळा. आई उठली, टॉर्च घेतला, मागचं दार उघडलं. मागचं! काही वेळाने भिजलेल्या पदराने आत आली, "सारको आसा," म्हणाली आणि झोपलीसुद्धा. मला मग पहाटेपर्यंत झोप आली नाही, पण भीतीमुळे नव्हे.

जपान लागलं, बोसनबाब. सकाळी सातच्या सुमाराला, 21 मेगाहर्ट्झवर, खणखणीत. या अँटेनाची रचना 1926 मध्ये तिकडच्याच तोहोकू विद्यापीठातल्या उदा आणि यागी यांनी मांडली. राबले जास्त उदा, आणि जगाने नाव ठेवलं यागी. माझ्या टॉवरचंही तसंच होणार हे दिसतंय. शेजारी त्याला माझा टॉवर म्हणतात. मी दर वेळी सांगतो, बोसनबाबांचा. आई दुरुस्त करते, "आमचो."

तुम्ही मला मार्कोनी म्हणता, कारण तुमच्या जहाजांवर रेडिओ ऑफिसरला सगळे तेच म्हणत. 1999 च्या फेब्रुवारीत नवी उपग्रहांची पद्धत पूर्ण लागू झाली, मोर्सची सक्ती संपली आणि तुमचा मार्कोनी एका बंदरात बॅग घेऊन उतरला, त्याच्या खोलीत रंगाचे डबे ठेवले गेले, असं तुम्ही सांगितलं होतं. ते सांगताना थोडे गप्प झाला होता. एकदा सकाळी या. हेडफोन लावून देतो. मोर्स अजून बोलतात लोक, रोज बोलतात.

आणखी एक. आई म्हणते टॉवर विहिरीच्या बाजूला अर्धं बोट झुकलाय. मी दोनदा पाहिलं, मला काही दिसत नाही. पण माझं पाहणं धरायचं नाही, हे आता ठरलेलं आहे. रविवारी वारं सुटायच्या आत या. ती खतखतं करणार आहे, ओळंबा आधीच खाली काढून ठेवलाय, आणि खुर्चीचा तो पाय मी अजून दुरुस्त केलेला नाही.

तुमचा,
मार्कोनी