ऑटोक्लेव्ह पूर्ण गार होऊ दे

चि. मृणाल हिस,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तू घाईत होतीस, म्हणून लिहायला बसलो. रात्री एक वाजता तू लॅबमध्ये एकटी आहेस हे कळल्यावर तुझ्या आईचा डोळ्याला डोळा लागला नाही, माझाही नाही. आणि क्रिस्टल बनवायच्या त्या घट्ट बंद स्टीलच्या भांड्याबद्दल, ऑटोक्लेव्हबद्दल, बोलता बोलता तू सहज म्हणालीस, "बाबा, ऑटोक्लेव्ह ओव्हनमधून काढून नळाखाली धरला की लवकर उघडता येतो." त्या एका वाक्यासाठी हे पत्र आहे.

लोटे-परशुरामच्या एमआयडीसीत मी रिअ‍ॅक्टरवर नोकरी केली. आत दाब असेपर्यंत मॅनहोलच्या नटाला कोणी हात लावायचा नाही, मग मॅनेजर कितीही ओरडो. आमच्याकडे निदान प्रेशर गेज होता, व्हेंट होता. तुझ्या त्या मुठीएवढ्या स्टीलच्या भांड्याला यातलं काहीच नाही. बाहेरचं स्टील नळाखाली पटकन गार पडतं, पण आतलं टेफ्लॉनचं अस्तर उष्णता धरून ठेवतं. शिवाय तुम्ही आत घालता ते डीएमएफ नावाचं द्रावक तापलं की थोडं थोडं फुटून डायमिथाइलअमाइन तयार होतं, आणि तो साध्या तापमानालाही वायूच असतो, म्हणजे आत दाब उरतो. हाताला गार लागलं म्हणजे आत गार झालं, असं धरून चालू नकोस.

तूच मला मागे सांगितलं होतंस की सावकाश गार केलं तर क्रिस्टल मोठे आणि स्वच्छ येतात, घाई केली की नुसती पावडर. मग ही घाई तुझ्या कामाच्याही मुळावरच येते ना? ओव्हन बंद कर, ऑटोक्लेव्ह आतच राहू दे आणि होस्टेलवर जाऊन झोप. सकाळी उघड.

तुमच्या विषयाला २०२५ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं तेव्हापासून मी मॉफबद्दल, म्हणजे धातू आणि सेंद्रिय रेणू जोडून केलेल्या त्या आतून पोकळ सांगाड्यांबद्दल, मिळेल ते वाचतो आहे. ते मिळालेल्या तिघांपैकी मेलबर्नच्या रिचर्ड रॉबसन यांची हकिकत मला फार आवडली. १९७४ साली त्यांनी विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी लाकडी गोळे करायला घेतले. कुठल्या अणूला कुठे बंध येतो ते बघून वर्कशॉपमधून भोकं पाडून घ्यायची आणि त्यांत काड्या बसवायच्या. तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की भोकांच्या जागा बरोबर असल्या तर सांगाडा आपोआप योग्य आकार घेतो. मग खऱ्या रेणूंचं असंच का करू नये? त्यावरचा त्यांचा पेपर आला १९८९ मध्ये. मधे पंधरा वर्षं गेली! दुसरे, जपानच्या कितागावांनी १९९२ मध्ये आपली पहिली रचना दाखवली. ज्यातून वायू आत-बाहेर करतात आणि तरी जी ढासळत नाही, अशी रचना त्यांना १९९७ मध्ये जमली. मधल्या काळात त्यांचे निधीचे अर्ज नामंजूर होत होते, कारण याचा उपयोग काय ते कोणाला दिसत नव्हतं.

तिसरे, ओमर याघी, यांचं वाचताना तर मी थांबलोच. जॉर्डनच्या अम्मानमध्ये निर्वासित कुटुंबात, वीज नाही, नळाचं पाणी नाही अशा एका खोलीत ते वाढले. पंधराव्या वर्षी वडिलांनी त्यांना अमेरिकेला धाडलं. काय धीर केला असेल त्या माणसाने! पुढे १९९९ मध्ये त्याच मुलाने जस्त आणि टेरेफ्थॅलिक अ‍ॅसिड घेऊन मॉफ-५ बनवलं. टेरेफ्थॅलिक म्हणजे पॉलिस्टरचा कच्चा माल, आणि या मॉफ-५ ची दोन-चार ग्रॅम पूड आतून मोजली तर फुटबॉलच्या मैदानाएवढं क्षेत्रफळ भरतं. पुढे त्यांच्या गटाने अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात अशाच एका पदार्थात रात्रीच्या हवेतली वाफ धरून ठेवली आणि सकाळच्या उन्हात तिचं पाणी करून दाखवलं. तू याच कामात आहेस याचा मला किती अभिमान वाटतो ते फोनवर बोलता येत नाही.

म्हणूनच काळजी वाटते. २९ डिसेंबर २००८ रोजी लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठात शेरी सांगजी नावाची २३ वर्षांची मुलगी सिरिंजने टर्ट-ब्यूटाइललिथियम ओढत होती. दट्ट्या निसटला, द्रव हवेत पेटला. अंगात लॅब कोट नव्हता, कृत्रिम धाग्याचा स्वेटर होता. अठरा दिवसांनी ती गेली. हे नाव तुमच्या लॅबमध्ये प्रत्येकाला माहीत असलं पाहिजे.

रात्री थांबावंच लागलं तर सोबत कोणीतरी हवं. सर नाराज होतील अशी भीती वाटत असेल तरी त्यांना स्पष्ट सांग की एकटीने रात्रीचं रिअ‍ॅक्शन लावणार नाही. चांगला गाइड याला नाही म्हणणार नाही, आणि म्हणालाच तर मला कळव. पुढच्या ग्रुप मीटिंगला दाखवायला डेटा नसेल तर नसू दे.

पैशाचंही मनात ठेवू नकोस. एसआरएफचे, म्हणजे संशोधनाच्या फेलोशिपचे, महिना ४२,००० कागदावर आहेत, पण महिनोन्‌महिने खात्यात येत नाहीत हे मला ठाऊक आहे. मेसचे आणि खोलीचे मी या आठवड्यात पाठवतो, परत करायचा विषय काढू नकोस.

आणखी एक. तुम्ही वापरता ते पातळ नायट्राइल ग्लोव्ह्ज डीएमएफपुढे फार वेळ टिकत नाहीत, आणि डीएमएफ कातडीतून आत जाऊन लिव्हरला त्रास देतं. ब्यूटाइल रबरचे जाड ग्लोव्ह्ज मिळतात, ते मी मागवून देतो. हाताचं माप कळव, आणि चष्म्यावर बसेल असा गॉगल तुझ्याकडे आहे का तेही.

तुझा,
बाबा