रक्तातील शिसे उतरले म्हणून तक्रार निकाली निघत नाही

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग,
संबंधित रंग उत्पादक कंपनी.

विषय: पिवळ्या इनॅमल रंगातील शिशासंबंधीच्या तक्रारीवर आपण पाठवलेले उत्तर अमान्य असल्याबाबत.

महोदय,

आपल्या कंपनीचा पिवळ्या छटेचा इनॅमल रंग आम्ही गेल्या दिवाळीच्या आधी पक्के बिल घेऊन विकत आणला आणि मुलीच्या लाकडी कॉटच्या कठड्याला व त्या खोलीतील खिडकीच्या गजांना लावून घेतला. तेव्हा ती सव्वा वर्षाची होती. दात येत असल्याने ती कठड्याला धरून उभी राहिली की वरची पट्टी चावत असे. त्या पट्टीवर तिच्या दातांचे व्रण आजही आहेत आणि त्या व्रणांपाशी रंग निघून खालचे लाकूड उघडे पडले आहे. पुढे तिची भूक मंदावली, पोट दुखू लागले, शौचाला खडा होऊ लागला. त्याचे कारण शोधताना बालरोगतज्ज्ञांनी रक्तातील शिसे तपासून घेतले, ते दर डेसिलिटरला १९ मायक्रोग्रॅम निघाले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार हे प्रमाण ५ किंवा त्याहून अधिक असेल तर शिसे कोठून येते ते शोधून ते बंद करावयाचे असते. आम्ही ते शोधले. कठड्यावरील रंगाचे पोपडे मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत दिले असता त्यांत शिशाचे प्रमाण ११,४०० पीपीएम (म्हणजे दर दहा लाख भागांत ११,४०० भाग) आढळले.

या तक्रारीला आपण दिलेल्या उत्तरात दोन मुद्दे आहेत. पहिला असा की, ही छटा औद्योगिक वापराची असून दुकानदाराने ती घरगुती ग्राहकास विकावयास नको होती. आमच्याकडे जपून ठेवलेल्या डब्यावर औद्योगिक वापराचा एक शब्दही छापलेला नाही. घरगुती व सजावटीच्या रंगांतील शिशाबाबत केंद्र सरकारने २०१६ साली केलेल्या नियमांनुसार ९० पीपीएमची मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानात, खिडक्या-दारांच्या रंगांच्या रांगेत, छोट्या डब्यांतून जो रंग विकला जातो, तो घरगुती नाही असे म्हणण्यास आपल्याकडे कोणता आधार आहे, हे कृपया लेखी कळवावे.

दुसरा मुद्दा अधिक गंभीर आहे आणि हे पत्र मुख्यतः त्यासाठीच लिहीत आहे. कॉट घरातून काढून गज झाकल्यानंतर केलेल्या तपासणीत मुलीच्या रक्तातील शिसे ९ वर आले आणि मनगटाच्या एक्स-रेमध्ये दोष दिसला नाही, म्हणून ‘कोणतीही कायमस्वरूपी हानी झाल्याचे दिसत नाही’ असे आपण लिहिले आहे. हे विधान वैद्यकीय दृष्ट्या टिकणारे नाही.

शिसे शरीरात गेले की ते कॅल्शियमच्या वाटेने जाते आणि जेथे कॅल्शियम साठते तेथेच, म्हणजे हाडांत आणि दातांत, मुक्काम करते. प्रौढांच्या शरीरातील एकूण शिशापैकी ९० टक्क्यांहून अधिक आणि मुलांच्या शरीरातील सुमारे ७० टक्के शिसे हाडांत असते. रक्तातील शिसे साधारण महिनाभरात निम्मे होते, कारण त्यातील काही लघवीवाटे बाहेर पडते आणि काही हाडांत जाऊन बसते. हाडांतून मात्र ते निघायला वर्षानुवर्षे, प्रौढपणी तर दशके लागतात. तेव्हा रक्ताचा अहवाल अलीकडच्या काळाचा हिशेब देतो, साठ्याचा देत नाही. शिवाय वाढत्या मुलाचे हाड सतत झिजत आणि नव्याने घडत असते, त्यामुळे साठलेले शिसे पुन्हा पुन्हा रक्तात उतरत राहते. डॉक्टरांनी ठरावीक अंतराने तपासण्या करत राहण्यास सांगितले आहे ते यामुळेच. शिसे बाहेर काढणारी औषधे सामान्यतः ४५ च्या वर प्रमाण गेल्यावरच देतात, म्हणजे आमच्यापुढे तोही मार्ग नाही.

एक्स-रेबद्दल म्हणावयाचे तर लांब हाडांच्या टोकांशी ज्या दाट पांढऱ्या पट्ट्या दिसतात, त्या बराच काळ आणि बरेच अधिक शिसे गेल्यावर उमटतात. १९ च्या पातळीला त्या दिसल्या नाहीत, यावरून हाड निर्धोक असल्याचे सिद्ध होत नाही. शिसे हाड घडवणाऱ्या पेशींच्या कामात अडथळा आणते, आणि प्रमाण वाढले की मूत्रपिंडात ड जीवनसत्त्व क्रियाशील रूपात येण्याची क्रियाही मंदावते. अमेरिकेतील रॉचेस्टर येथील मुलांच्या २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात तर शिसे अधिक गेलेल्या मुलांची हाडे कमी नव्हे, जास्त घन आढळली होती, आणि हाडांची वाढ वेळेआधी पक्व होऊन पुढे त्यांची कमाल घनता कमी भरेल, अशी शंका संशोधकांनी व्यक्त केली होती. म्हणजे आज चांगला दिसणारा अहवालही आई-बापांना निश्चिंत करण्यास पुरेसा नाही.

आमचे अपत्य मुलगी आहे, हेही आपण लक्षात घ्यावे. गरोदरपणात आणि अंगावर पाजताना आईच्या हाडांतील कॅल्शियम सुटते आणि त्यासोबत साठलेले शिसेही सुटून बाळापर्यंत पोहोचू शकते. तिच्या उद्याची ही काळजी आम्हाला आजच लागली आहे. ‘प्रकरण बंद’ असा शेरा मारून ती मिटत नाही.

लहान मूल पोटात गेलेल्या शिशापैकी ४० ते ५० टक्के शोषून घेऊ शकते, प्रौढ माणूस सुमारे १० टक्के. आणि लोह व कॅल्शियम कमी असेल तर हे शोषण आणखी वाढते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत आपल्या देशातील ६ ते ५९ महिन्यांच्या ६७ टक्के बालकांना रक्तक्षय आढळला. अशा देशात रंग विकणाऱ्याने काटेकोरपणे वागणे हे त्याचे साधे कर्तव्य आहे. ज्या रंगाऱ्यांनी आमचे काम केले त्यांनी जुना थर पॉलिश पेपरने घासला, हा रंग उघड्या हातांनी लावला आणि तेच कपडे घालून ते आपल्या लेकरांकडे घरी गेले. त्यांना याची कल्पना कोणी द्यावयाची होती?

आमच्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत. सोबत कळवलेल्या बॅचचे सर्व डबे बाजारातून परत घ्यावेत आणि तशी सूचना मराठी वृत्तपत्रांत ठळकपणे द्यावी, म्हणजे ज्यांच्या घरी हा रंग लागला आहे त्यांना आपल्या मुलांची तपासणी करून घेता येईल. आमच्याकडील रंग धूळ न उडवता, ओल्या पद्धतीने, जाणकार माणसांकडून काढून देण्याचा खर्च कंपनीने करावा. मुलीच्या रक्ततपासण्यांचा आणि हाडांच्या वाढीवर लक्ष ठेवण्याचा खर्च ती सज्ञान होईपर्यंत उचलावा. या छटेत शिशाचे कोणते संयुग वापरले आणि ते का वापरले, हेही लेखी कळवावे.

हे पत्र मिळाल्यापासून ३० दिवसांत समाधानकारक उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मधील उत्पादन दायित्वाच्या तरतुदींनुसार मी जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागेन आणि धोकादायक माल परत मागवण्याचे आदेश देता येणाऱ्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाकडेही स्वतंत्र अर्ज करेन. पत्राची प्रत महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे पाठवत आहे.

आपली,
तक्रारदार ग्राहक व मुलीची आई

सोबत: बिलाची प्रत, डब्यावरील मजकुराची व बॅच क्रमांकाची छायाचित्रे, प्रयोगशाळेचा अहवाल, रक्ततपासणीचे दोन्ही अहवाल, डॉक्टरांचे पत्र.