मंत्रीसाहेब, पौलाचं ते पत्र वाचताय तर पौलही वाचा

सन्माननीय मंत्रीसाहेब,

देशात वातावरण तापलं की चर्चला सरकारकडून ठरलेला सल्ला येतो, प्रार्थना करा पण राजकारणात पडू नका, आणि सोबत बायबलमधल्या रोमकरांस पत्राचा 13 वा अध्याय, अधिकाऱ्यांच्या अधीन राहा वगैरे. वचन बरोबरच आहे, आम्हीही मानतो. पण ते लिहिणारा पौल, येशूचा प्रेषित, त्याआधी फिलिप्पै शहराच्या तुरुंगात फटके खाऊन, पाय खोड्यात अडकवून बसलेला, आणि सकाळी अधिकाऱ्यांनी गुपचूप सोडायचा निरोप पाठवला तर हा जायलाच तयार नाही! म्हणाला, आम्ही रोमी नागरिक, चौकशी न करता चारचौघांत मारलंत, आता स्वतः येऊन बाहेर काढा. आणि ते आले, विनवण्या करत. अधीन राहणं म्हणजे गप्प बसणं असं त्याला तरी वाटत नव्हतं.

चर्चचा इतिहास धुतल्या तांदळासारखा आहे असं मी अजिबात म्हणत नाही. हिटलरच्या काळात जर्मनीतले कितीतरी पाळक त्याच्याच बाजूने उभे होते, 1934 मध्ये बार्मेनला जमून चर्चवर सरकारचा ताबा चालणार नाही म्हणणारे वेगळे निघाले. मध्य अमेरिकेतल्या एल साल्वादोर देशाच्या आर्चबिशप रोमेरोंनी सैनिकांना सांगितलं की आपल्याच लोकांना मारायचा हुकूम पाळू नका, दुसऱ्या दिवशी, 24 मार्च 1980 ला, मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, चालू असतानाच त्यांना गोळी घातली. हातात बंदूक नव्हती हो त्यांच्या.

कम्युनिस्ट पूर्व जर्मनीतल्या लाइपझिग शहराचं तर तुम्ही नक्की वाचा. 9 ऑक्टोबर 1989, सोमवारची प्रार्थना, बाहेर शस्त्रं घेतलेले पोलीस, आणि सत्ताधारी पक्षाने आपलीच शेकडो माणसं आधीच सेंट निकोलस चर्चमध्ये नेऊन बसवलेली. त्यांनाही तिथे बसून येशूचं डोंगरावरचं प्रवचन ऐकावं लागलं 🙂 नंतर शहरात सत्तर हजारांच्या आसपास लोक सरकारविरोधात चालले, कित्येकांच्या हातात मेणबत्त्या, आणि मेणबत्ती विझू द्यायची नसेल तर दुसरा हात ज्योतीपुढे धरावा लागतो, मग दगड कुठल्या हाताने उचलणार? त्या रात्री गोळी सुटली नाही.

म्हणून मागणं एवढंच की उद्या परिस्थिती चिघळली तर प्रार्थनासभांना बंदी घालू नका, पाळकांकडे उपदेश आधी लेखी मागू नका, आणि दारात उभं राहून येणाऱ्यांची नावं टिपायला माणसं ठेवू नका. माणसं पाठवायचीच असतील तर खुशाल पाठवा, पण त्यांना आत बसू द्या.

आपला,
एक विश्वासी नागरिक