उलट्या तळाच्या नावेचा आराखडा

चोपडे, ता. पेडणे, गोवा
दिनांक १९ ऑगस्ट

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

शंभर वर्षांपूर्वीच्या त्या नावेचा आजच्या पद्धतीचा आराखडा मिळाला की नाही, असे तू पत्राच्या शेवटी एका ओळीत विचारले आहेस. उत्तरही एका ओळीचे आहे: मिळाला नाही. पण तो का मिळाला नाही हे समजायला मला जवळजवळ सबंध पावसाळा लागला, आणि जे समजले ते तुझ्यासारख्या यंत्रांत आयुष्य घालवलेल्या माणसाला सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही. तेव्हा हे पत्र लांबणार आहे.

नाव कोणती ते आधी नीट सांगतो, कारण गेल्या खेपेस टेलिफोनवर मी घाईत काहीतरी भलतेच वर्णन केले होते. नेहमीच्या वेगवान होडीचा तळ समोरून पाहिला तर मध्यभागी खाली उतरलेला आणि दोन्ही कडांना वर चढलेला दिसतो. हिचा तळ नेमका उलटा आहे. आपल्याकडच्या कौलारू घराचे छप्पर जसेच्या तसे पाण्यावर ठेवावे, म्हणजे आढे मध्यभागी वर आणि पागोळ्यांच्या कडा पाण्यात, तसा. पुढची बाजू निमुळती नाही. वरून पाहिले तर नाव पेटीसारखी चौकोनी दिसते. आल्बर्ट हिकमन नावाच्या कॅनडात जन्मलेल्या संशोधकाने १९१४च्या सुमारास हा आकार सिद्ध केला आणि त्याला ‘सी स्लेड’ म्हणजे समुद्रावरची घसरगाडी असे नाव दिले. त्याचे म्हणणे असे की, सामान्य नाव पाणी फाडून ते दोन्ही बाजूंना फेकते आणि त्यात शक्ती वाया घालवते. त्याऐवजी तेच पाणी आणि त्यात मिसळलेली हवा तळाखाली कोंडली, तर नाव फेसाच्या गादीवरून जाईल.

हा आकार मला का हवा, हे तू इथे येऊन गेला आहेस म्हणून चटकन कळेल. शापोरा नदीच्या मुखाशी वाळूचा दांडा आहे. ओहोटीचे पाणी आणि समुद्राचा वारा समोरासमोर आले की तिथे आखूड, उभ्या लाटा उठतात आणि सपाट तळाची होडी त्यांवर अशी आपटते की बसणाऱ्याचे दात वाजतात. आत वळले की खाजनांचे, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या शेतजमिनींचे, मातीचे बांध लागतात, आणि जोरात जाणाऱ्या बोटींच्या लाटांनी त्यांच्या कडा ढासळलेल्या मी दर वर्षी पाहतो. उथळ पाण्यात चालणारी, आपटणे मऊ करणारी आणि बाजूला पाणी न फेकणारी सोळा फुटांची नाव कागदावर तरी याच आकाराची दिसते. बांधांपाशी ती खरोखर किती लाट उठवील, हे मात्र पाण्यात उतरवल्याशिवाय मी छातीठोकपणे सांगणार नाही.

शोधाची सुरुवात मी पेटंटच्या कागदांपासून केली. ते जुने कागद आज कोणालाही पाहता येतात आणि त्यांतली चित्रे फार देखणी आहेत. मात्र पेटंटमध्ये तत्त्व सांगितलेले असते, मापे नसतात. त्यावरून नाव बांधणे म्हणजे घराच्या छायाचित्रावरून पाया खोदणे. मग घरच्या घरी नाव बांधण्यासाठी मिळणाऱ्या आजच्या आराखड्यांकडे वळलो. त्यांत पूर्ण आकाराचे फासळ्यांचे नमुने असतात, प्लायवूडचा कोणता तुकडा कुठून कापायचा हे दाखवलेले असते, तांब्याच्या तारेने कडा शिवून इपॉक्सी या घट्ट होणाऱ्या राळेने सांधे भरण्याची रीत असते. ज्यांचे वर्णन ‘सी स्लेडसारखी’ असे केले होते, ते आराखडे मी मोठ्या आशेने उघडले. प्रत्येक आराखड्यात मध्यभागी, जिथे आढे असायला हवे तिथे, खाली उतरलेला एक उंचवटा होता. म्हणजे छपराच्या मधोमध आणखी एक नाव चिकटवलेली.

ही चूक असेल असे मला प्रथम वाटले, पण ती चूक नव्हती. त्या उंचवट्याचा उगम ‘बोस्टन व्हेलर’ या प्रसिद्ध नावेत आहे. १९५० नंतर रिचर्ड फिशर आणि नौकारचनाकार रेमंड हंट यांनी हिकमनचाच आकार घेऊन काम सुरू केले. पण उलट्या तळाखाली कोंडलेली हवा सरळ मागे, नाव ढकलणाऱ्या इंजिनाच्या पंख्यात जाऊ लागली. पंख्याला घट्ट पाणी लागते; फेसात तो नुसता गरगरतो, इंजिन ओरडते आणि नाव पुढे सरकत नाही. त्यांनी मधली पोकळी भरून काढत तिसरा तळ खाली आणला, आणि १९५८मध्ये तेरा फुटांची जी नाव बाजारात आली ती त्या दुरुस्तीसह आली. नंतर ज्यांनी ज्यांनी ‘आधुनिक’ आराखडे काढले, त्यांनी हीच दुरुस्ती गृहीत धरली.

मग हिकमनची स्वतःची नाव चालत कशी होती? मला सर्वांत जास्त आनंद या प्रश्नाच्या उत्तराने दिला. त्याने पंखा पाण्यात पूर्ण बुडवलाच नव्हता. पंख्याचा दांडा मागच्या फळीतून तळाच्या पातळीवर बाहेर काढून त्याने पंखा असा बसवला होता की, वेगात असताना त्याचा जवळपास निम्मा भाग पाण्याबाहेर राहावा. पंख्याची पाती अशी की हवा-पाण्याच्या मिश्रणातही ती काम करतील. शिवाय दांडा आणि त्याचे आधार पाण्यात ओढले जात नसल्याने तो रोधही वाचला. म्हणजे तळ आणि पंखा ही दोन कामे नव्हतीच, एकच काम होते. आपण त्यातला तळ उचलला आणि मागे बाजारातले आउटबोर्ड, म्हणजे नावेबाहेर टांगायचे इंजिन, लटकावले, की हवेचा दोष तळाच्या माथी मारून मोकळे होतो. आजचा आराखडा का सापडत नाही, ते मला इथे उमजले: आजच्या इंजिनासाठी तो आकार बदलावाच लागतो, आणि बदलला की ती नाव हिकमनची राहत नाही.

अखेर हाती लागले ते एका जुन्या मासिकातल्या चार पानांचे छायाचित्र, याच जातीच्या सोळा फुटी नावेचे. त्यात मापांचा पूर्ण तक्ता आहे. तक्त्यात आकडे २-३-४ असे लिहिलेले असतात आणि त्याचा अर्थ दोन फूट, तीन इंच आणि चार अष्टमांश इंच असा आहे, म्हणजे सुमारे ६९९ मिलिमीटर. तिसरा आकडा सोळांशाचा समजून मी सगळी मापे मिलिमीटरमध्ये बदलली, पुठ्ठ्याची प्रतिकृती केली, आणि तिच्या कडेला उंटासारखी कुबडे आली. जिथे शेवटी सात होते तिथे अकरा मिलिमीटरांची चूक झाली होती. दोन आठवडे मी जुन्या छपाईला दोष देत होतो, आणि दोष माझ्या चष्म्याच्या या बाजूला होता. दुसरी खबरदारी अशी की, ही मापे फळीच्या बाहेरच्या अंगाची आहेत. फासळी कापताना फळीची जाडी वजा केली नाही, तर अख्खी नाव फुगते.

आता मेस्तकाकांची हकीकत सांगतो. आमचे हे मेस्त, म्हणजे सुतार, आयुष्यभर कागदाशिवाय होड्या बांधत आले आहेत. पठाण म्हणजे नावेचा तळाचा कणा बसवला की पुढचे सगळे त्यांच्या डोळ्यांत असते. माझी सुधारलेली प्रतिकृती त्यांनी हातात घेतली, पुढून पाहिली, मागून पाहिली आणि म्हणाले, “हाका नाक ना, उदक कशें कापतलें?” (हिला नाकच नाही, पाणी कसे कापणार?) मी हिकमनचे तत्त्व समजावू लागलो तेव्हा त्यांनी तिचा तळ बोटाने चाचपला आणि एकच शंका काढली: ही फळी पुढे इतकी उभी आणि मागे जवळपास आडवी, तर एकच जाड प्लाय हा पीळ घेईल का? चार पानांत कोणीही न लिहिलेली अडचण त्यांच्या बोटाला लागली होती. प्लायवूड एका दिशेने आनंदाने वाकते, पिळले की हट्ट करते. जुन्या नावेत अरुंद फळ्या असल्याने हा प्रश्न आला नव्हता. मी नऊ मिलिमीटरचे तक्ते धरून बसलो होतो.

उपाय आमच्या दारातच आहे. दिवाडी बेटावर बांधलेली नौदलाची शिडाची नौका ‘म्हादेई’ आठव: आराखडा हॉलंडचा, बांधणी गोव्याची, सीडर लाकडाच्या पट्ट्या इपॉक्सीने जोडून आणि वर काचेच्या धाग्यांचे कापड चढवून. मी पुढच्या तिसऱ्या भागात चार मिलिमीटरच्या प्लायच्या तिरप्या पट्ट्यांचे दोन थर देणार आहे. मागे पीळ कमी आहे तिथे सरळ तक्ता चालेल. प्लाय आयएस ७१० या, म्हणजे पाण्यातल्या कामासाठीच्या, प्रतीचीच घेईन. इपॉक्सीचे काम मात्र तुळशीच्या लग्नानंतर, कारण या दमट हवेत त्यावर तेलकट पांढरी साय धरते आणि ती धुतल्याशिवाय वरचा थर चिकटत नाही.

वजनाबद्दल तू रागावशील म्हणून आधीच सांगतो: मी ते मांडले आहे. नऊ मिलिमीटरचा आठ बाय चारचा तक्ता आपल्या लाकडाचा असला तर अठरा ते वीस किलो भरतो, तेव्हा सांगाडा जुन्या पाऊण इंची फळ्यांपेक्षा बराच हलका होईल. पण मासिकातल्या आराखड्यात इंजिन नावेच्या पोटात आहे. मी चाळीस अश्वशक्तीचे आउटबोर्ड मागच्या फळीवर टांगले तर जवळपास शंभर किलो एकदम शेपटीला जातात. पृष्ठभागावर चालणारा पंखा इथे जमवणे माझ्या खिशाबाहेरचे आहे. म्हणून माझा विचार असा आहे की, मध्यभागी एक मोठे न लावता दोन लहान इंजिने दोन्ही कडांच्या जवळ, आढ्यापासून दूर लावावीत, कारण फेस मध्ये जमतो आणि कडांपाशी पाणी अधिक घट्ट असावे. मधला उंचवटा मी घालणार नाही. घालायचाच असता, तर तयार आराखडा विकत घेऊन केव्हाच मोकळा झालो असतो.

हा तर्क खरा की खोटा हे सोळा फुटांवर पाहणे परवडणारे नाही. म्हणून आधी चार फुटांची प्रतिकृती करतो आहे. लाटा त्याच प्रमाणात उठाव्यात म्हणून लांबी चौथाई, तर वेग निम्मा आणि वजन चौसष्टावा भाग: पूर्ण नाव माणसांसह ६४० किलो धरली तर प्रतिकृती दहा किलोची, आणि वीस नॉटऐवजी ती दहा नॉटने ओढायची. पहाटे वारा पडलेला असताना मेस्तकाकांच्या पुतण्याच्या होडीला आडवा बांबू बांधून, होडीच्या लाटेच्या बाहेर तिला ओढायची आणि फेस तळाखालून नेमका कुठे बाहेर पडतो त्याचे चित्रण करायचे, असे ठरले आहे.

तुझ्याकडून मला दोन गोष्टी हव्या आहेत. सोबत सुधारलेला तक्ता पाठवतो आहे. तो फ्रीशिप या नावेचे आराखडे काढण्याच्या संगणकप्रणालीत भरून तळाच्या मागच्या दोन भागांचे पृष्ठ सपाट उलगडते का, ते पाहा, आणि जिथे उलगडत नाही तिथे रेषा काढून दे, म्हणजे तिरप्या पट्ट्या कुठे थांबवायच्या ते मला कळेल. आणि माझी वजनाची बेरीज तपास. इंधनाची टाकी मी पुढे नेली आहे, ती पुरेशी पुढे आहे का ते सांग. चवथीनंतर दहा दिवस मेस्तकाका कोणाच्याच हाती लागत नाहीत, तेव्हा तुझे उत्तर त्यानंतर आले तरी चालेल. वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
पेडण्याचा होडीवेडा मित्र