‘प्रीडेटर’बद्दल, माझ्या फौजी मित्रास

खानापूर

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू ‘प्रीडेटर’ला नुसता दंड-बेडकुळ्यांचा सिनेमा म्हणून निकालात काढलास. ते मला काही केल्या पटलेलं नाही. बोलणं अर्धवट राहिलं, म्हणून लिहायला बसलोय.

१९८७चा सिनेमा तो, जॉन मॅक्टिअर्ननचा. सुरुवात तू म्हणतोस तशीच आहे, हे कबूल. अर्नोल्ड श्वार्झनेगरचा डच, त्याचे निवडक कमांडो, मध्य अमेरिकेतलं जंगल, बंडखोरांच्या तळावर हल्ला, धडाधड स्फोट. पण मर्दा, तो हल्ला इतका सहज फत्ते होताना का दाखवलाय? ही माणसं कामात पक्की आहेत हे एकदा मनात बसलं, की मगच पुढची भीती, म्हणजे परग्रहावरचा, अदृश्य होणारा शिकारी प्राणी त्यांनाच एकेक करून टिपू लागतो ती, अंगावर येते. कच्चे गडी मेले असते तर कुणाला काय वाटलं असतं?

डचचा कमांडो ब्लेन मरतो तो प्रसंग आठव. त्याचा जोडीदार मॅक त्याची सहा नळ्यांची अवजड बंदूक उचलतो, बाकीचे धावत येऊन मिळतात आणि सगळे मिळून समोरचं रान कापून काढतात. झाडं आडवी, नुसता धूर. दिसत कुणीच नाही, तरी गोळ्या थांबत नाहीत. एवढं करून हाती काय, तर पानावर थोडं हिरवं रक्त. तेही दिसतं कुणाला? कैदी म्हणून ओढत आणलेल्या अ‍ॅनाला.

मला सांगायचंय ते हेच. या सिनेमात खरं कळतं ते बिलीला आणि अ‍ॅनाला. बिली माग काढणारा गडी, झाडांकडे बघत मध्येच थबकतो. अ‍ॅना सांगते की उन्हाळा फार कडक असला, की त्या वर्षीच गावाकडची माणसं अशी मारलेली सापडतात. वेळेवर ऐकतं कोण? इकडे आपल्या खानापूरजवळच्या भीमगडच्या रानात कणकुंबीच्या बाजूला भर पावसात चालताना किड्यांचा आवाज एकदम थांबला, की बरोबरचा धनगर जागीच उभा राहतो. का ते सांगत नाही. आपणही मुकाट्याने उभं राहावं.

चिखलानं माखलेला डच त्या प्राण्याला दिसत नाही, ते तू हसण्यावारी नेलंस. त्या प्राण्याला अंगाची उष्णता दिसते. ओला, गार चिखल फासला की ती झाकते, हे खरंच. फक्त थोडाच वेळ. चिखल अंगाच्या उबेनं तापला की माणूस पुन्हा दिसणार. सिनेमानं तेवढी सूट घेतली, मला चालते. कारण तिथून पुढे डच बंदूक विसरतो आणि वेली, धनुष्य, टोकदार खुंटे, टांगलेला ओंडका यांवर येतो. शेवटी ओंडकाच कामी येतो. बिलीला आधीपासून येत होतं ते डच सगळ्यात शेवटी शिकतो.

आणखी एक गोष्ट तुला फौजी म्हणून भिडायला हवी होती. हातात शस्त्र नाही त्याला तो प्राणी मारत नाही. म्हणून तर अ‍ॅना बंदूक उचलायला जाते तेव्हा डच ती लाथेनं उडवतो. त्या शिकाऱ्याला नियम आहे, आणि त्यामुळेच तो मला जास्त भयंकर वाटतो. खोटं सांगून डचला या कामगिरीवर आणणाऱ्या सीआयएच्या डिलनच्या फसवाफसवीचा भाग मात्र पातळ आहे, तिथं तुझं बरोबर.

तो प्राणी घडला कसा, तेही ऐक. त्याच्या आधीच्या पोशाखात नट जाँ-क्लोद व्हॅन डॅम होता. तो पोशाख जमला नाही, म्हणून बाद झाला. मग सिनेमातले प्राणी घडवणाऱ्या स्टॅन विन्स्टननं नवा केला. जबड्याला खेकड्यासारखे पंजे असावेत, ही सूचना दिग्दर्शक जेम्स कॅमेरूनची. आत केविन पीटर हॉल, उंची ७ फूट २ इंच. अदृश्य होण्याच्या दृश्यांसाठी लालभडक पोशाख वापरला, कारण हिरव्या रानातून लाल रंग वेगळा काढणं सोपं. हाच हॉल शेवटी हेलिकॉप्टरचा वैमानिक म्हणूनही दिसतो. बिचाऱ्याचा चेहरा तेवढाच काय तो दिसला!

आता पुन्हा बघ, आणि या वेळी डचकडे नको, बिलीकडे लक्ष ठेव. गस्तीवर पुढच्या माणसाला आधी कळतं आणि मागचे त्याचं मानत नाहीत, असं खरंच होतं का, ते मला तुझ्याकडून ऐकायचंय. फोनवर नको, सविस्तर लिही.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझाच मित्र